लावणीत पाय दिसू द्या! जुन्या सिनेमांच्या हक्कदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

जुन्या मराठी-हिंदी सिनेमांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते, त्यांची मुलं-नातवंडं, त्यांच्याकडून हक्क घेऊन सिनेमा परत थिएटरात लावणारे वितरक आणि ज्यांच्या स्क्रीनवर तो लागतो ते मल्टिप्लेक्सवाले, तुम्हा सगळ्यांना मिळून हे पत्र लिहितोय. एकेकाला वेगळं लिहिलं असतं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं, म्हणून एकत्रच.

मी फोंड्याचा. जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर लागतोय असं कळलं की आम्ही मित्रमंडळी गाडी काढतो आणि पणजी, म्हापसा, मडगाव, जिथे असेल तिथे जातो. अलीकडे तर रि-रिलीजची लाटच आलीय. ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नव्हता, २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. ‘सैराट’ २०२५ च्या मार्चमध्ये परत आला. हे बघून आनंदच होतो, ज्या पोरांनी हे सिनेमे फक्त मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी बघितले त्यांना ते अंधारात, भरलेल्या थिएटरात, अनोळखी माणसांबरोबर हसत-रडत बघायला मिळतायत यापेक्षा चांगलं काय असणार. तेव्हा आधीच सांगतो, माझा रि-रिलीजला विरोध नाही, उलट अजून लावा असंच म्हणेन. तक्रार वेगळी आहे. तुम्ही सिनेमा परत लावताना तो बदलता, काय बदललं ते आम्हाला सांगत नाही, आणि एकदा बदललेला तयार झाला की मूळचा कपाटात घालून कुलूप लावून टाकता.

मागे एका ठिकाणी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट तमाशापट लागला होता. सिनेमाचं नाव घेत नाही आणि थिएटरचंही नाही, कारण प्रश्न त्या एकाचा नाहीच. पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, फोर-के, संपूर्ण रंगीत, फाइव्ह पॉइंट वन साउंड, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरमधून सहा वेगवेगळे आवाज. माझ्याबरोबर शेजारचे काका होते, सत्तरी ओलांडलेले, त्यांनी हा सिनेमा लहानपणी बेळगावला मामाकडे गेले असताना बघितलेला आणि तेव्हापासून त्यातल्या लावण्या तोंडपाठ. सुरुवातीचं सगळं ठीक चाललं, चावडी, पाटील, गावकीची भांडणं, आणि मग पहिली लावणी आली. ढोलकी सुरू झाली, बाई उठली, घुंगरांचा आवाज आला आणि पडद्यावर पायच नाहीत! गुडघ्याच्या खाली काहीच नाही, फ्रेम तिथेच संपली. घुंगरू ऐकू येतायत, तेसुद्धा आमच्या पाठीमागच्या स्पीकरमधून, आणि पाय पडद्याच्या खाली कुठेतरी. क्लोजअप आला की कपाळ गेलेलं, चंद्रकोर अर्धी कापलेली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "रे, पांय खंय गेले तिचे?" मी काय सांगणार. सगळी लावणी ज्या पदन्यासासाठी शूट केली होती तो पदन्यासच कुणीतरी कापून टाकला होता आणि वर त्याला नवीन फॉरमॅट असं नाव दिलं होतं.

हे का होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल असं नाही म्हणून लिहितो. त्या काळचा सिनेमा साधारण चौकोनी चौकटीत काढायचे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या टीव्हीची चौकट १.७८ पट रुंद, थिएटरचा पडदा त्याहूनही रुंद. मग जुनं चित्र कडेपासून कडेपर्यंत भरायचं असेल तर एकच उपाय, वरून आणि खालून कापायचं, आणि टीव्हीच्या मापाला बसवायला गेलं तरी जवळजवळ पाव भाग जातो. पाव भाग! कॅमेरामनने लाइट लावून, दिग्दर्शकाने शंभर वेळा बघून ठरवलेल्या चित्रातला. तुमच्यातल्या एकाने कुठेतरी म्हटलेलं वाचलं होतं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रेक्षकांना आवडत नाही, पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. अहो, आज अख्खा देश मोबाइलवर उभे व्हिडिओ बघतो, टीव्हीच्या बातम्यांत तेच उभे व्हिडिओ दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवून रोज दाखवतात, कुणी टीव्ही फोडलाय का? लोकांना पट्ट्या चालतात. पाय नसलेली लावणी चालत नाही. आणि उलट बाजूचंही बघा, ‘कागज के फूल’ १९५९ साली आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप सिनेमा म्हणून काढला, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी ती रुंद चौकट ठरवून वापरली, मोकळ्या स्टुडिओत एकटा माणूस आणि आजूबाजूला नुसता अंधार. त्याच्या बाजू कापायला निघालात तर सगळे बोंबलतील. मग चौकोनी चौकटीला तोच मान का नाही?

ओळखीतले एक ऑपरेटर होते, आयुष्य प्रोजेक्शन रूममध्ये गेलं त्यांचं. ते सांगायचे की थिएटरात नंतर रुंद पडद्याच्या प्लेटी आल्या, मशीनमध्ये बसवून चित्राची चौकट ठरवणाऱ्या, आणि जुन्या सिनेमासाठी वेगळी प्लेट मालक आणून देईना, तेव्हा जुनी प्रिंट आली की हे स्वतः मशीनपाशी उभे राहायचे, एक हात फ्रेमिंगच्या नॉबवर. नाच आला की फ्रेम जरा वर घ्यायची म्हणजे पाय दिसतील आणि डोक्यावरची जागा जाईल, संवाद आला की परत खाली. सबंध शोभर हे चालायचं. पगार काही जास्त मिळत नव्हता याचा आणि खाली बसलेल्यांना कळतही नव्हतं. एवढी काळजी एका पगारी माणसाने घेतली, आणि आज तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, प्रत्येक फ्रेम थांबवून बघता येते, तरी सगळा सिनेमा एकाच मापाने सरसकट कापायचा?

बरं, कापलेलं सोडून जे उरलं त्याचं काय केलं तेही सांगतो. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून, त्यामुळे जुन्या चित्रात एक हलकी रवाळ हालचाल असते, तिला ग्रेन म्हणतात. ती घाण नाही. चित्र त्या कणांचंच बनलेलं आहे. पण साफसफाईच्या सॉफ्टवेअरला धूळ आणि ग्रेन यातला फरक आपण सांगितला तरच कळतो, नाहीतर ते सगळंच पुसून टाकतं, आणि ग्रेन गेला की त्याच्याबरोबर बारीक तपशीलही जातो. त्या दिवशी मी मुद्दाम बघत होतो. खणाच्या चोळीवरची ती बारीक वीण, जी जुन्या खराब प्रिंटमध्येही, ओरखड्यांमधूनही दिसायची, ती सपाट झालेली, नुसता एक जांभळा तुकडा. इरकलीचे काठ वाहून गेलेले. म्हाताऱ्या पाटलाच्या चेहऱ्यावर सुरकुतीच नाही, गाल मेणचट, आणि डोळे मात्र जास्तच धारदार केलेले. हे आपल्याकडेच होतं असंही नाही, जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ची फोर-के आवृत्ती २०२४ साली डिस्कवर आली तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी हीच तक्रार केली, चेहरे मेणाचे झालेत म्हणून. तिथे निदान दिग्दर्शक जिवंत आहे, त्याला जाब विचारता येतो. आमच्या जुन्या मराठी सिनेमांचे दिग्दर्शक, कॅमेरामन बहुतेक सगळे गेलेत. त्यांच्या वतीने बोलायला प्रेक्षकच उरलाय.

फोर-केचंही तसंच. थिएटरचं फोर-के म्हणजे ४०९६ गुणिले २१६० ठिपके. मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट स्कॅन केली तर त्या आकड्याला अर्थ आहे. पण बऱ्याच मराठी सिनेमांची हाताशी असलेली प्रत म्हणजे टीव्हीला हक्क विकताना कधीतरी काढलेली व्हिडिओ टेप, आणि त्या जमान्यातल्या टेप-डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६. तेच फुगवून मोठं करायचं, वरून धार चढवायची आणि पोस्टरवर फोर-के लिहायचं, हे बरोबर नाही. आम्ही तिकिटाचे पूर्ण पैसे देतो, नव्या सिनेमाइतके. मग निदान एवढं तरी लिहा की ही प्रत कशावरून बनवलीय, निगेटिव्हवरून, प्रिंटवरून की टेपवरून. टेपवरूनच असेल आणि दुसरं काही उरलंच नसेल तरी आम्ही येऊ, खरंच येऊ, कारण काहीच न दिसण्यापेक्षा ते बरं. फक्त खरं सांगा.

आणि दुसरं काही उरलं नसेल हे मी उगाच लिहीत नाही. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, त्याचा आज थोडाच भाग शिल्लक आहे. पुण्यात २००३ साली फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट रिळांना, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मला, आग लागली आणि त्यात प्रभात कंपनीच्या जुन्या रिळांसकट खूप काही गेलं. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म तशी सहज पेटत नाही पण सडते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते, आणि एकदा ते सुरू झालं की थांबवता येत नाही, फार तर थंड आणि कोरड्या जागी ठेवून हळू करता येतं. आमच्या गोव्यात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला आठवड्यात बुरशी येते, तर साध्या कपाटातल्या रिळाचं काय होत असेल विचार करा. पहिला कोकणी सिनेमा ‘मोगाचो आंवडो’ १९५० साली आला, आज आम्हाला तो बघायला मिळत नाही. म्हणून तुमच्यापैकी कोणी वडिलांच्या काळातली रिळं सांभाळून ठेवली असतील, भाडं भरून थंड गोदामात ठेवली असतील, तर त्यांचे मनापासून आभार, ते काम सोपं नाही आणि त्यात कमाई तर काहीच नाही. पण इतकं करून वाचवलेली गोष्ट शेवटी लोकांसमोर आणताना कापून, पुसून, रंगवून का आणायची?

रंगाबद्दल बोलतो. काकांचं म्हणणं होतं रंगीत करणं हे पापच. मी तितक्या टोकाला जात नाही. ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली आला तेव्हा त्यातला काही भाग रंगीतच होता, दिग्दर्शक के. आसिफना सगळाच रंगीत करायची इच्छा होती, ते जमलं नाही, आणि २००४ च्या दिवाळीत रंगीत आवृत्ती आली तेव्हा नव्या साउंडच्या कामात खुद्द संगीतकार नौशाद होते. ‘हम दोनों’ २०११ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा देव आनंद होते, त्यांनी स्वतः तो लोकांसमोर आणला. तिथे निदान कुणीतरी मूळ माणूस हजर होता. पण सरसकट सगळ्या ब्लॅक अँड व्हाइटला रंग फासायचा म्हणजे काळ्या पाषाणातल्या मूर्तीला ऑइल पेंट लावण्यासारखं आहे, आणि हा प्रकारही आपण देवळांच्या जीर्णोद्धारात बघितलाय. त्या काळी ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात कपडे, भिंती, मेकअप हे सगळं पडद्यावर करड्याच्या कुठल्या छटेत दिसेल ते बघून ठरवायचे. सेटवर त्या साडीचा खरा रंग काय होता हे आज कुणालाच माहीत नाही, मग कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा आपल्या मनाने जांभळी करतो, आणि ज्या सावलीसाठी कॅमेरामनने तासभर लाइट हलवला ती सावली नुसती मळकट तपकिरी होऊन जाते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात यावरून इतकं रान उठलं की १९८८ साली त्यांनी कायदा केला, राष्ट्रीय यादीतल्या सिनेमाला रंग दिला किंवा मोठा बदल केला तर तसं लेबल लावायचं. फ्रान्समध्ये अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या वारसांनी त्याच्या सिनेमाच्या रंगीत आवृत्तीविरुद्ध केस लढवली आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टात जिंकली. आपल्याकडे कायद्याने सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता, त्यामुळे दिग्दर्शकाच्या हातात फार काही उरत नाही. ‘शोले’ थ्रीडीमध्ये काढायचं ठरलं तेव्हा खुद्द रमेश सिप्पी विरोधात कोर्टात गेले होते, तरी २०१४ च्या जानेवारीत थ्रीडी ‘शोले’ लागलाच.

आता तर याहून पुढची पायरी आलीय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती परत लावली आणि तिचा शेवट एआयने बदलला, मेलेला नायक जिवंत केला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली, तरी लागली. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढचं डोळ्यासमोर दिसतंय, उद्या कुणाला तरी वाटेल की अमुक जुन्या मराठी सिनेमाचा शेवट फार रडका आहे, पोरांना आवडणार नाही, चला गोड करू. ज्या शेवटावर आमच्या आया-आज्यांनी पदर डोळ्याला लावला तो तुम्हाला बदलायचा कायदेशीर हक्क असेलही कदाचित. पण नैतिक हक्क नाही, हे मी अगदी ठामपणे लिहितो.

तुम्ही म्हणाल ‘शोले’चाही शेवट बदलूनच परत लावला ना, त्याला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर आहे, आणि मीही वाजवल्या, कारण तो शेवट सिप्पींनीच शूट केलेला होता, १९७५ साली आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता आणि ५० वर्षांनी नीट रिस्टोअर होऊन परत जागेवर आला. चौकटसुद्धा ७० एमएमच्या मापाची ठेवली. असं काम झालं की ऊर भरून येतो. पण तिथेसुद्धा माझं एक म्हणणं आहे, की ५० वर्षं लोकांनी जो बघितला, ज्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, तोही तितकाच आपला ‘शोले’ आहे आणि तोही चांगल्या प्रतीत शिल्लक राहायला हवा. जॉर्ज लुकासने १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ बदलून परत आणला आणि नंतर मूळचा बाजारात मागे पडत गेला, २००६ मध्ये डीव्हीडीवर दिला तोही जुन्या लेझरडिस्कच्या मास्टरवरून, जोड डिस्क म्हणून. जगातल्या सगळ्यात श्रीमंत चाहत्यांची ही गत, तर आमची काय होईल.

साउंडचा मुद्दा गोवेकर म्हणून मला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुन्या सिनेमाचा आवाज मोनो, एकाच ट्रॅकवर सगळं, संवाद, गाणं, वाद्यं, पावलांचा आवाज. त्याचं फाइव्ह पॉइंट वन करायचं तर एक तर मशीनने ओढून-ताणून वेगळं करायचं, नाहीतर वाद्यं, पार्श्वसंगीत, आवाज नव्याने रेकॉर्ड करून वर चढवायचे. हे दुसरं होतं तेव्हा काय पुसलं जातं माहीत आहे? ते वाजवणारी माणसं. आणि त्या काळच्या मुंबईच्या ऑर्केस्ट्रात आमची गोव्याची माणसं किती होती! मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि पुढे गुरूचं नाव त्यांनी गाण्यात घातलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांच्या मागे ती भव्य व्हायोलिनं उभी करणारे सेबास्टियन डिसोझा. हळदोण्याचे चिक चॉकलेट, ज्यांची ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आहे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, ज्यांनी नंतर स्वतः ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी सिनेमे काढले. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, सूर शिकलेली ही माणसं, तिथल्याच शाळेत नोटेशन शिकलेली म्हणून स्टुडिओत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं, आणि तरी टायटल्समध्ये त्यांची नावं क्वचितच यायची. पडद्यावर नाव नाही, फोटो नाही. त्यांची खूण म्हणून उरलंय ते फक्त त्या मोनो ट्रॅकवरचं वाजवणं. तो ट्रॅक बाजूला ठेवून नवीन कीबोर्डवर वाजवलेलं चढवलं की ती माणसं दुसऱ्यांदा गायब होतात, आणि या वेळी कायमची. मडगावच्या एखाद्या घरात अजून कुणीतरी म्हातारं माणूस असेल जे एखादं गाणं लागलं की म्हणतं, ही व्हायोलिन आमच्या पप्पांची. त्याच्याकडून ते काढून घेऊ नका. मोनो ट्रॅक साफ करा, खरखर कमी करा, पण तो ठेवा. थिएटरात मधल्या एका स्पीकरमधून आला तरी चालतो, जुना सिनेमा तसाच ऐकायचा असतो.

चांगलं काम होऊच शकत नाही असं तर अजिबात नाही. ‘पथेर पांचाली’ची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत जळली होती, त्या जळक्या पट्ट्यांपासून जमेल तितकं वाचवून २०१५ मध्ये फोर-के झाला. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून बनवलेला, २०२४ मध्ये रिस्टोअर होऊन आधी फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेला आणि मग जूनमध्ये इथे थिएटरात लागला, रंग कसे असावेत ते बघायला मूळ कॅमेरामन गोविंद निहलानी स्वतः होते. २०२५ मध्ये गुरुदत्तच्या शताब्दीला ‘प्यासा’ परत लागला तो ब्लॅक अँड व्हाइटच. मग मराठीच्या वाट्याला हे क्वचितच का येतं?

गोव्यात तर याची आणखीन एक गंमत नसलेली बाजू आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आमच्याकडे पणजीत होतो. २०२३ मध्ये तिथे अत्र्यांचा ‘श्यामची आई’ रिस्टोअर केलेल्या प्रतीत दाखवला, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं तो. २०२४ मध्ये फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ दाखवला, समोर बसून वाजवलेल्या संगीतासकट. म्हणजे चांगल्या प्रती आहेत, त्या मांडवीच्या काठापर्यंत येतात, नोव्हेंबरात एखादा शो होतो, डेलिगेट कार्ड असलेली माणसं बघतात, आणि परत जातात. महोत्सवाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी दाखवलं म्हणून तर कळलं. पण वाळपईचा शिक्षक, डिचोलीची अंगणवाडीताई, फोंड्याच्या मार्केटमधला दुकानदार, हे मधल्या वारी दुपारी कार्ड काढून पणजीला कसे जाणार? आणि डिसेंबर उजाडला की त्याच आमच्या थिएटरात जुना मराठी सिनेमा म्हणून येतो तो कापलेला आणि रंगवलेला. चांगली प्रत महोत्सवाला आणि वाईट प्रत तिकीटवाल्याला, ही वाटणी कुणी ठरवली?

गोव्यात मराठी सिनेमाला प्रेक्षक कुठे आहे, असं मला एका वितरकाच्या माणसाने फोनवर विचारलं होतं. त्यांनी एकदा आमच्याकडच्या जत्रांना यावं. देवळाच्या पटांगणात रात्री अकराला मराठी संगीत नाटक सुरू होतं, गावचीच माणसं काम करतात, आणि पहाटेपर्यंत म्हाताऱ्या बायका शाल गुंडाळून बसलेल्या असतात, एक पद चुकलं तर पुढच्या रांगेतून दुरुस्ती येते. मास्टर दीनानाथांचं मंगेशी आमच्या फोंडा तालुक्यात, पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव. अशा लोकांना तुम्ही ‘संत तुकाराम’ची नीट प्रत दाखवून बघा, १९३६ ची, जी व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत जाऊन कौतुक घेऊन आली. त्यावर आता कुणाचा कॉपीराइटही उरलेला नाही, म्हणजे उद्या कुणीही उठून तो रंगवू शकतो, कापू शकतो, म्हणून तर खरी प्रत लोकांनी आधी बघितलेली असणं जास्त गरजेचं आहे. त्यात तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा ज्याने एकदा धड बघितला त्याला पुढे कुणी फसवू शकणार नाही.

तेव्हा आमचं मागणं एवढंच आहे. रंगीत काढा, थ्रीडी काढा, सहा स्पीकर लावा, तुमचा सिनेमा, तुमचे पैसे. पण पोस्टरवर आणि बुकिंगच्या अ‍ॅपवर, जिथे आम्ही तिकीट काढतो तिथेच, लिहा की रंग नवीन आहे, चौकट कापलेली आहे, साउंड नव्याने केलाय, अमुक गाणं काढलंय, एआय वापरलंय, प्रत कशावरून बनवली. दोन ओळींचं काम आहे. आणि दिवसाला चार शो असतील तर त्यातला एक मूळ सिनेमाचा ठेवा, पूर्ण चौकटीत, त्याच करड्या रंगात, त्याच मोनो आवाजात. तो शो सकाळी नऊला ठेवून प्रेक्षक आले नाहीत असं म्हणू नका, संध्याकाळचा ठेवा. ओटीटीवर देताना दोन्ही द्या.

गोव्यासाठी म्हणून वेगळं मागतो, पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, जिथे पडदा मोकळा असेल तिथे महिन्यातून एक रविवार एका जुन्या मराठी सिनेमाला द्या. बुधवारी रात्री अ‍ॅपवर शो टाकायचा आणि शुक्रवारी बुकिंग नाही म्हणून काढून टाकायचा असं करू नका, आमच्याकडे मोठी माणसं अजून सकाळचा पेपर वाचून ठरवतात, तेव्हा आठ दिवस आधी इथल्या मराठी वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात द्या. खेड्यातून मिनीबस करून माणसं आणायचं काम आमच्याकडे लागलं. नाटकाला आणतो तशी आणू. काकांनी तर आताच सांगून ठेवलंय की त्या तमाशापटाची धड प्रत आली तर पुढच्या रांगेचं तिकीट त्यांचं.

उत्तराची वाट बघतोय. पत्राने द्या, फोनने द्या, किंवा सरळ तारीख जाहीर करा.

आपला,
फोंड्याहून एक प्रेक्षक